ट्रकच्या पोटाखालची प्लॅटिनमची जाळी

समजा, तुमच्याकडे आठ-नऊ वर्षं जुना, पेट्रोल आणि सीएनजी दोन्हींवर चालणारा छोटा ट्रक आहे. पहाटे यशवंतपूरच्या बाजारातून कांदे-बटाट्याची पोती उचलायची आणि दुपारपर्यंत बेंगळुरूभर पोचवायची, हा त्याचा रोजचा धंदा. एक दिवस डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो आणि विझायचं नाव घेत नाही. गॅरेजवाला स्कॅनर जोडतो. पडद्यावर 'पी 0420' असा कोड येतो. "कॅटकॉन गेला," तो सांगतो, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. नव्याचा भाव ऐकून तुमचा चेहरा उतरतो, तेव्हा तो हळूच दुसरी वाट दाखवतो: "डबा कापू, आतली जाळी काढून टाकू, वेल्डिंग मारून परत बसवू. गाडी पळेल. वर पिकअप वाढेल."

काय कराल? नवा घ्याल, जाळी काढाल, की ट्रकच विकून मोकळे व्हाल?

उत्तर देण्याआधी तो डबा एकदा मनातल्या मनात उघडून बघू. बाहेरून पाहिलं तर इंजिनापासून निघालेल्या धुराच्या नळीत बसवलेला, गंजका, जरासा चेपलेला स्टीलचा डबा. पण आत जे दडलंय ते पाहून रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांचेही डोळे चमकतात. आणि ते एकदा समजलं की निर्णय घेणं सोपं होतं.

डब्यात असतो सिरॅमिकचा एक फिकट ठोकळा. त्याच्या तोंडाकडे निरखून बघा. या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ जाणारे चौकोनी बोगदे, दर चौरस इंचात साधारण 400! दोन बोगद्यांमधली भिंत मिलिमीटरच्या सहाव्या हिश्शाएवढी पातळ. 1970च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीत रॉडनी बॅगली, अर्विन लॅकमन आणि रोनाल्ड लुईस या तिघांनी हे जमवून आणलं. मातीचा ओला लगदा साच्यातून दाबून अशी नाजूक जाळी अखंड बाहेर काढायची आणि मग ती भाजायची, ही त्यांची करामत.

माती तरी कसली? कॉर्डिएराइट. मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम आणि सिलिका यांचं हे संयुग तापलं तरी जवळजवळ फुगतच नाही. हे का महत्त्वाचं? पहाटे थंडगार असलेला हा ठोकळा ट्रक सुरू केल्यावर एक-दोन मिनिटांत तीन-चारशे अंशांवर जातो, चढावर सातशे-आठशे अंशांपर्यंत पोचतो, दुपारी ट्रक उभा केला की पुन्हा निवतो. साधं सिरॅमिक असतं तर आठवडाभरात तडकून त्याचे तुकडे झाले असते. हा ठोकळा वर्षानुवर्षं हे सोसतो.

आता त्या बोगद्यांच्या भिंतीवर बोट फिरवा. खरखरीत लागेल, कारण भिंतींवर ॲल्युमिनाचा लेप दिलेला असतो. हा लेप इतका सच्छिद्र असतो की त्याच्या एका ग्रॅममधल्या सगळ्या खाचाखोचा उलगडून पसरल्या, तर शंभर चौरस मीटरहून जास्त जागा भरेल. अख्ख्या ठोकळ्यावर असा लेप दीडशे ग्रॅमच्या आसपास असतो. करा गुणाकार: पंधरा हजार चौरस मीटर! सत्तर मीटर त्रिज्येचं क्रिकेटचं मैदान साधारण एवढंच भरतं. म्हणजे चिन्नास्वामी स्टेडियमवर विराट कोहली ज्या हिरवळीवर धावतो, जवळपास तेवढी जमीन घडी करून तुमच्या ट्रकच्या पोटाखाली ठेवलेली आहे.

आणि या मैदानावर विखुरलेले असतात प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम या तीन धातूंचे कण. कण किती बारीक? काही नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या लाखाव्या भागापेक्षाही लहान. सगळे गोळा केले तरी वजन भरतं मोजक्या ग्रॅमचं. या धातूंचा सर्वांत मोठा साठा आहे दक्षिण आफ्रिकेतल्या बुशवेल्ड भागात. तिथे सुमारे 200 कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या पोटातून वर आलेला शिलारस थिजताना त्यातून हे धातू पातळ थरांत साठले. पॅलेडियम आणि ऱ्होडियम तर माणसाला 1800 सालापर्यंत ठाऊकच नव्हते. विल्यम वॉलस्टन या इंग्रज शास्त्रज्ञानं 1802 ते 1804 या काळात प्लॅटिनमच्या खनिजातून दोन्ही वेगळे काढले. यशवंतपूरहून कांदे वाहणाऱ्या गाडीखाली 200 कोटी वर्षांपूर्वीच्या शिलारसाचा अंश काम करतोय!

काम तरी काय करतो? इंजिनातून तीन घातक वायू बाहेर पडतात. अर्धवट जळलेल्या इंधनाचा कार्बन मोनॉक्साइड, मुळीच न जळलेले हायड्रोकार्बन, आणि नायट्रोजन ऑक्साइड. तिसऱ्याची गोष्ट मजेशीर आहे. तो इंधनातून येतच नाही. सिलिंडरमधल्या दोन हजार अंशांवरच्या आगीत आपल्या हवेतलाच नायट्रोजन फाटतो आणि ऑक्सिजनशी जोडला जातो. कार्बन मोनॉक्साइड तर रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून जास्त जोरानं चिकटतो. आणि उरलेल्या दोघांवर ऊन पडलं की जमिनीलगत ओझोन तयार होतो, जो फुप्फुसं सोलवटतो.

हा धूर जाळीतून जातो सेकंदाच्या दहाव्या भागापेक्षाही कमी वेळात. तेवढ्यात काय काय घडतं बघा. ऑक्सिजनचा रेणू प्लॅटिनमवर उतरतो आणि त्याचे दोन अणू सुटे होतात. शेजारी कार्बन मोनॉक्साइडचा रेणू कार्बनचं टोक खाली रोवून उभा असतो. सुटा ऑक्सिजन सरकत सरकत त्याच्यापाशी पोचतो, जोडला जातो, आणि तयार झालेला कार्बन डायऑक्साइड धातूला चिकटून न राहता उडून जातो. जागा रिकामी, पुढच्या रेणूला वाट मोकळी. ऱ्होडियमवर याच्या उलट: नायट्रोजन ऑक्साइडचे दोन तुकडे होतात, नायट्रोजनचे दोन सुटे अणू एकमेकांना गाठतात, आणि हवेतून फाडून घेतलेला नायट्रोजन जसाच्या तसा हवेला परत मिळतो. धातूच्या पृष्ठभागावरचे हे बारकावे बर्लिनच्या गेरहार्ड एर्टल यांनी वर्षानुवर्षं खपून उलगडले. त्यासाठी 2007चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं.

एवढं सगळं करून धातू स्वतः खर्च किती होतो? काहीच नाही! तापलेली, धडधाकट जाळी या तिन्ही विषांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त भाग संपवते आणि दुसऱ्या क्षणी पुन्हा तयार असते.

पण थांबा, इथे एक पेच आहे. पहिल्या दोन वायूंना ऑक्सिजन द्यायचाय आणि तिसऱ्याकडून काढून घ्यायचाय. एकाच डब्यात, एकाच क्षणी! हे जमतं ते धुरात ऑक्सिजन ना कमी ना जास्त, अगदी बेताचा असेल तरच. पेट्रोलसाठी ते प्रमाण आहे एका किलोला 14.7 किलो हवा. म्हणून जाळीच्या आधी नळीत एक ऑक्सिजन सेन्सर बसवलेला असतो. तो धुराचा वास घेतो आणि इंजिनाच्या संगणकाला कळवतो: इंधन जास्त झालं, आता कमी झालं, पुन्हा जास्त. संगणक सतत दुरुस्ती करत राहतो, त्यामुळे मिश्रण क्षणाक्षणाला थोडं इकडे, थोडं तिकडे झुलत असतं.

मग जाळीतलं काम अखंड चालतं कसं? त्याचं श्रेय लेपातल्या सेरियम ऑक्साइडला. बेंगळुरूतल्या घरांखाली पाण्याचा 'संप' असतो. कावेरीचं पाणी एक दिवस येतं, एक दिवस येत नाही. आलं की संप भरतो, नाही आलं की संपातून घर चालतं आणि स्वयंपाकघरातल्या नळाला कळतही नाही. सेरियम ऑक्साइड हा ऑक्सिजनचा संप आहे. धुरात ऑक्सिजन जास्त झाला की तो आपल्या स्फटिकात साठवतो, कमी पडला की सोडतो. आणि हे सेकंदा-सेकंदाला!

आता तुमच्या डॅशबोर्डवरच्या दिव्याचा अर्थ लागेल. जाळीच्या मागेही एक सेन्सर असतो, तो म्हणजे स्वयंपाकघरातला नळ. संप शाबूत असेल तर आधीचा सेन्सर कितीही झुलू दे, मागचा स्थिर राहतो. संप गाळानं भरला की नळालाही एक दिवस पाणी येतं, एक दिवस येत नाही. मागचा सेन्सरही पुढच्यासारखा झुलायला लागला, की संगणक 'पी 0420' लिहून ठेवतो. म्हणजे हा कोड सांगतो की ऑक्सिजनची साठवण कमी झाल्यासारखी दिसतेय. "जाळी मेली" असं तो कुठेच म्हणत नाही. सेन्सरच म्हातारा झाला असेल, किंवा नळीला सेन्सरच्या आसपास चीर पडून बाहेरची हवा आत जात असेल, तरी हाच कोड येऊ शकतो.

एवढी सुंदर गोष्ट आपल्या गाड्यांखाली आली कशी? फ्रेंच अभियंता युजीन हूड्री यांनी अमेरिकेत 1950च्या सुमारास असा डबा बनवला. लॉस एंजेलिसच्या धुरक्यानं ते अस्वस्थ झाले होते. 1956 मध्ये त्यांना पेटंटही मिळालं. पण मोटारींना तो डबा लावता येईना, कारण पेट्रोलमध्ये शिसं होतं. 1921 मध्ये थॉमस मिजली यांनी शोधून काढलं होतं की पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग घातलं की इंजिन ठोके देत नाही, आणि पुढची कित्येक दशकं जगभरच्या गाड्या शिसं ओकत धावल्या. हे शिसं प्लॅटिनमच्या कणांवर बसलं की कण कायमचे झाकले जातात. हूड्री 1962 मध्ये गेले. त्यांचा डबा तोवर गोदामांतल्या फोर्कलिफ्टसारख्या, बिनशिशाचं इंधन वापरणाऱ्या यंत्रांपुरताच राहिला होता.

पुढे काय झालं ते फार विलक्षण आहे. अमेरिकेनं 1970 मध्ये हवेचा कडक कायदा केला. तो पाळायचा तर डबा हवा, आणि डबा जगवायचा तर पेट्रोलमधून शिसं हटवायला हवं! 1975च्या मॉडेलपासून तिथल्या बहुतेक मोटारींना जाळी लागली आणि पंपावर बिनशिशाचं पेट्रोल आलं. प्लॅटिनम वाचवण्यासाठी उचललेल्या पावलानं मुलांच्या रक्तातलं शिसंही उतरू लागलं.

भारतात हे घडलं सर्वोच्च न्यायालयातल्या एम. सी. मेहता यांच्या खटल्यामुळे. 1 एप्रिल 1995 पासून दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नईत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटकॉन सक्तीचा झाला, आणि त्यासोबत बिनशिशाचं पेट्रोलही आलं. बेंगळुरू त्या यादीत नव्हतं. पण शिशाविरुद्धची मोठी लढाई याच शहरातून लढली गेली. इथल्या जॉर्ज फाउंडेशननं देशातल्या मोठ्या शहरांतल्या मुलांचं रक्त तपासलं, तर निम्म्याहून जास्त मुलांमध्ये शिशाचं प्रमाण डेसिलिटरला 10 मायक्रोग्रॅमच्या वर निघालं. सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजातले डॉ. तुप्पिल वेंकटेश यांनी या कामाला वाहून घेतलं. फेब्रुवारी 1999 मध्ये बेंगळुरूत शिशाच्या विषबाधेवर आंतरराष्ट्रीय परिषद भरली, आणि 1 फेब्रुवारी 2000 पासून देशभरचं पेट्रोल शिसंमुक्त झालं. जाळी रिकामी करायला निघालेल्या माणसानं ही तारीख लक्षात ठेवावी.

आता मुद्द्याची गोष्ट. धातू खर्च होत नाही म्हणता, तर मग जाळी मरते कशी? बहुतेक वेळा ती मारली जाते, आणि मारेकरी जाळीच्या आधी, इंजिनात बसलेला असतो.

पहिला मारेकरी मिसफायर. प्लग किंवा कॉइल गेली की एका सिलिंडरमधलं इंधन न जळताच बाहेर येतं आणि जाळीत जाऊन पेटतं. तापमान हजार अंशांच्या वर चढतं. असं फार काळ चाललं तर कॉर्डिएराइट चक्क वितळतं, बोगदे बुजतात, धुराला वाट मिळत नाही आणि चढावर गाडी गुदमरते. दुसरा मारेकरी इंजिन ऑइल. पिस्टनच्या रिंगा झिजल्या की ऑइल जळतं, आणि त्यातलं फॉस्फरस आणि जस्त जाळीवर थर धरून बसतं. तिसरा, गळणारा कूलंट आणि जिथे-तिथे फासलेला सिलिकॉनचा गम. चौथा, रस्त्यावरचे हंप: जोरात आदळलं की ठोकळा डब्यात सैल होतो आणि खडखडायला लागतो.

एक मारेकरी मात्र अटळ आहे: उष्णता आणि वय. प्लॅटिनम-पॅलेडियमचे नॅनोमीटरचे कण उष्णतेनं सरकतात, एकमेकांना भेटतात आणि मोठे होतात. कण मोठा झाला की त्यातले बहुतेक अणू पोटात गाडले जातात. धुराला स्पर्श होतो तो फक्त वरच्या थराला. धातू तेवढाच राहतो, पण कामाला येणारे अणू घटतात.

यावर उपाय? अणू एकमेकांना भेटूच दिले नाहीत तर? हा विचार यशवंतपूरपासून अगदी जवळ, भारतीय विज्ञान संस्थेत झाला. तिथले प्रा. के. सी. पाटील आणि जे. जे. किंग्सले यांनी 1988 मध्ये एक अफलातून पद्धत प्रसिद्ध केली. ॲल्युमिनियम नायट्रेट आणि युरिया पाण्यात विरघळवायचे आणि ते भांडं 500 अंशांच्या भट्टीत सरकवायचं. पाणी उकळून जातं, फेस येतो आणि अचानक ज्वाळा उठते. पाच मिनिटांच्या आत भांडं भरून पांढराशुभ्र, हलकाफुलका ॲल्युमिना तयार! एरवी ज्याला भट्टीत तासन् तास लागतात, ते काम हे मिश्रण स्वतःच्याच आगीत करून टाकतं.

याच ज्वलनपद्धतीनं प्रा. एम. एस. हेगडे यांच्या गटानं सेरियम ऑक्साइडच्या स्फटिकात पॅलेडियम पेरलं. शंभरातल्या दोन सेरियमच्या जागी दोन पॅलेडियम, तेही कणांच्या रूपात नाही, तर एकेक सुटा आयन म्हणून. कोणीही कोणाच्या पोटात गाडलेला नाही. असा लेप त्यांनी थेट कॉर्डिएराइटच्या जाळीवर चढवून तिन्ही वायूंवर तपासला आणि तो अतिशय तडफेनं काम करताना दिसला. हेगडे, गिरिधर मद्रास आणि पाटील यांनी 2009 मध्ये या सगळ्या कामाचा आढावा जगासमोर मांडला. तुमचा ट्रक ज्या वाटेनं कांदे आणतो, तिच्या शेजारीच हे घडलंय.

मोठ्या डिझेल ट्रकची कथा वेगळी. डिझेलच्या धुरात ऑक्सिजन नेहमीच भरपूर असतो, त्यामुळे नायट्रोजन ऑक्साइडकडून ऑक्सिजन काढून घेणारं कोणी भेटत नाही. मग काय केलं? चक्क युरिया आणला! डीईएफ, म्हणजे धुरात फवारायच्या द्रवाच्या टाकीत 32.5 टक्के युरिया असतो, बाकी शुद्ध पाणी. हे प्रमाण मुद्दाम निवडलंय, कारण यालाच सर्वांत कमी तापमानाला, उणे 11 अंशांना, बर्फ धरतो. गरम धुरात फवारला की युरियाचा अमोनिया होतो, आणि अमोनिया नायट्रोजन ऑक्साइडला गाठून दोघांचा मिळून नायट्रोजन आणि पाणी करतो. पैसे वाचवायला कोणी शेतीचा युरिया घोळून टाकीत ओततं. तसं अजिबात करू नका. शेतीच्या युरियाला 2015 पासून कडुनिंबाच्या तेलाचा लेप सक्तीचा आहे. ते तेल आणि साध्या पाण्यातले क्षार फवारा आणि जाळी दोन्ही निकामी करतात.

या शहराचा स्वतःचा एक त्रासही आहे. टॉमटॉम कंपनीच्या 2022च्या पाहणीत बेंगळुरूच्या मध्यभागात 10 किलोमीटर जायला सरासरी 29 मिनिटं 10 सेकंद लागत होते. जाळी जागी होते ती अडीचशे-तीनशे अंशांना. सीएनजीतला मिथेन तर त्याहून हट्टी, त्याला चारशेच्या आसपास लागतात, म्हणून सीएनजीच्या जाळीत पॅलेडियम जास्त घालतात. कोंडीत रांगणाऱ्या, दर दुकानापुढे बंद करून पुन्हा सुरू होणाऱ्या ट्रकची जाळी वारंवार निवते. तेव्हा एमिशन टेस्टला जाण्याआधी ट्रक तुमकूर रस्त्यावर वीसेक मिनिटं नीट पळवून आणा. थंड जाळीचा निकाल हा जाळीचा खरा निकाल नव्हे.

आता गॅरेजमध्ये परत जाऊ. मिस्त्रीला पुढच्या गोष्टी करायला सांगा. स्कॅनरवर मिसफायरचा कोड आहे का ते पाहा. जाळीच्या आधीच्या सांध्यांवर काजळीचे डाग शोधा, ते गळतीची खूण असतात. इंजिन गरम करून, सुमारे 2500 आरपीएमवर, मागच्या सेन्सरचं व्होल्टेज बघा: स्थिर असेल तर जाळी जिवंत, पुढच्यासारखं 0.1 ते 0.9 व्होल्टमध्ये झुलत असेल तर साठवण संपलेली. डबा थंड असताना रबरी हातोडीनं हलकेच ठोका. आत खडखडलं तर ठोकळा फुटलाय. गाडी चढावर दम टाकत असेल तर पुढचा सेन्सर काढून त्या भोकात प्रेशर गेज लावा. 2500 आरपीएमला दाब 3 पीएसआयच्या वर गेला तर बोगदे बुजलेत. आणि ऑइल किती जळतं ते डिपस्टिकवर महिनाभर टिपून ठेवा. या सगळ्याला एका नव्या जाळीच्या मानानं खर्च नगण्य येतो.

जाळी खरोखर गेली असेल, पण इंजिन निरोगी असेल किंवा मारेकरी सापडून दुरुस्त झाला असेल, तर नवी टाका. ट्रकच्या बीएस (भारत स्टेज) दर्जाचीच घ्या. फार स्वस्त जाळीत धातू आणि सेरियम दोन्ही बेताचे असतात, त्यामुळे तोच पिवळा दिवा लवकर परत येतो. हा माल काही सातासमुद्रापारचा नाही. तुमच्याच पुणे-बेंगळुरू महामार्गावर, सातारा जिल्ह्यात शिरवळला, युमिकोर कंपनीचा अशा जाळ्यांचा कारखाना आहे. आणि जुना डबा फुकट सोडू नका. विटा-खानापूर-आटपाडीकडचे गलाई कारागीर बेंगळुरूतही सोनं-चांदी गाळतात. ग्रॅमभर मौल्यवान धातूची किंमत काय असते ते त्यांना विचारा. तुमच्या जुन्या डब्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अजून तसेच आहेत. ते नव्या जाळीसाठी पुन्हा काढता येतात, तेव्हा त्यांची किंमत बिलातून वजा करून घ्या.

इंजिनच ऑइल पीत असेल, तर आधी इंजिनाचं काम करा. ते परवडणारं नसेल तर नवी जाळीही टाकू नका, कारण तीही तशीच मरेल. आठ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस करून घ्यावंच लागतं. अशा ट्रकला अधिकृत भंगार केंद्राचा रस्ता दाखवणं हाच शहाणपणाचा हिशेब. आणि बीएस-3 किंवा त्याआधीचा मोठा डिझेल ट्रक असेल, तर त्याला बहुधा असा डबा मुळात नव्हताच. तिथे इंजेक्टर आणि पंप नीट ठेवणं, आणि वेळ आली की निरोप देणं, एवढंच हातात असतं.

राहिली ती तिसरी वाट, जाळी काढून रिकामा डबा बसवण्याची. न बुजलेली जाळी धुराला फारच थोडी अडवते, त्यामुळे वाढलेला पिकअप बहुतेक मनाचा भास असतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 190(2) नुसार, 2019च्या दुरुस्तीनंतर, प्रदूषणाचे नियम मोडले तर पहिल्याच गुन्ह्याला दहा हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि वर तीन महिने लायसन्सवर गदा. पण दंडापेक्षा मोठी गोष्ट वेगळीच आहे. एमिशन टेस्टच्या यंत्रावर नायट्रोजन ऑक्साइड मोजलाच जात नाही, म्हणजे रिकामा डबा कदाचित पकडलाही जाणार नाही. तो धूर सर्वांत आधी जातो मागे पोत्यांवर बसलेल्या हमालाच्या, मग सिग्नलला शेजारी थांबलेल्या शाळेच्या व्हॅनमधल्या मुलांच्या छातीत.

म्हणून माझा सल्ला सरळ आहे. आधी मारेकरी शोधा, मग जाळी बदला, आणि डबा रिकामा करून द्या असं कुठल्याही मिस्त्रीला कधीही सांगू नका.